एकादशीला आलेली कानबाई

माझी मोठी बहीण भागाबाई अमळनेरला एकटी राहते. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते, मीही अक्काच म्हणतो. वय शहात्तर. साखरेचा आजार जुना, तो माझ्याही मागे लागलेला. गेल्या वर्षी तिचं राहतं घर तिच्या हातून जाता जाता राहिलं. घर कुणी बळकावत नव्हतं. तिचा स्वतःचा मुलगा भूषण तिला काळजीपोटी पुण्याला नेणार होता आणि घराला कुलूप लावणार होता. ते कुलूप का लागलं नाही, एवढंच मला सांगायचं आहे. मला लिहायची सवय नाही. नोकरी वरणगावच्या फॅक्टरीत झाली, तिथे सही करण्यापलीकडे पेन फारसं चालवलं नाही. पण अक्का हे लिहिणार नाही, आणि भूषणने लिहिलं तर तो मधली गंमत गाळून टाकील.

अक्काचे मालक जीवरामदाजी तेलाच्या गिरणीत होते. त्यांनाही साखर होती आणि ते ती हसण्यावारी नेत. गोळी खिशात असायची, पोटात नाही. आधी पायाचा अंगठा गेला, मग पाऊल गेलं, मग तेच गेले. त्यांच्या तेराव्याला अक्का मला म्हणाली होती, "वना, मी गोळी कधी चुकाडाव नही." आणि तिने ती खरंच चुकवली नाही. सकाळची गोळी सूर्य उगवला की, संध्याकाळची दिवा लागला की.

तिचं दुसरं न चुकणारं काम म्हणजे उपास. एकादशी, चतुर्थी, श्रावणातले सोमवार, आणि कानबाईचा रविवार. या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येत असतील हे तिच्या मनात आलं नाही. आमच्याही आलं नाही. डॉक्टर विचारत, "गोळ्या वेळेवर घेता ना?" अक्का मान डोलावत असे. उपासाचं कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. उपास काय डॉक्टरला सांगायची गोष्ट असते का?

खानदेशाबाहेरच्या माणसाला कानबाई थोडी सांगावी लागेल. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई बसते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला नारळ, त्याला नथ, डोळे, साडी, दागिने. भाऊबंद सगळे एका घरी जमतात. रात्रभर बाया गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर बोळवण होते. घरातल्या पुरुषांच्या नावाने गहू मोजून घेतात, त्या पिठाचे रोट होतात. ते रोट भाऊबंदांनीच खायचे आणि पीठ संपेपर्यंत खात राहायचे. मी अक्काच्या माहेरचा, त्यामुळे मला रोट मिळत नाही. दरवर्षी जळगावहून गाडीने येतो, कोपऱ्यात बसतो, आणि माझ्यासाठी अक्का वेगळी खिचडी टाकते. गाणी मात्र मला पोटभर मिळतात. अक्का गाणी सांगते आणि बाकीच्या तिच्या मागे म्हणतात. एक मोठं गाणं तर असं आहे की त्यात कानबाईचा एकेक दागिना क्रमाने येतो. एक दागिना मागेपुढे झाला तर देवी अर्धीच सजली असं बाया मानतात. ते गाणं त्या घरात फक्त अक्काला पूर्ण येतं.

तर गेल्या वर्षीच्या श्रावणात, कानबाईच्या रविवारी अक्काने सकाळची गोळी घेतली, दिवसभर पाण्यावर राहिली, पुरणाचा घाट घातला, दिवा लागला तशी दुसरी गोळी घेतली आणि गायला बसली. त्यातून आदल्या वर्षी रोटांचा आठवडा उलटल्यावर लगेच तिची साखर तपासली होती. ती अर्थातच चढलेली निघाली, आणि गोळी वाढवली होती. वाढलेली गोळी आणि रिकामं पोट.

दागिन्यांच्या गाण्यात अक्काचा आवाज जड झाला. हात थरथरायला लागले. साडी घामाने ओली, डोळे एका जागी. तोंडातून काहीतरी तुटक निघायला लागलं.

शेजारची बेबाबाई पहिल्यांदा ओरडली, "उनी वं माय! कानबाई अंगमा उनी!"

झालं. देवी अंगात आली म्हणून हळदीकुंकू आलं, बाया पाया पडायला लागल्या. कुणी विचारलं पाऊस कधी पडेल, कुणी विचारलं पोराचं लग्न कधी जमेल. अक्का म्हणत होती, "भूक… भूक…"

"देवीले भूक लागनी! निवद आना!"

नैवेद्याची खीर आणून बायांनी तिला वाटीभर चाटवली. थोड्या वेळाने अक्काचा थरकाप थांबला. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "काय व्हयनं?" बेबाबाईने हात जोडून सांगितलं, "देवी जेवनी आनी शांत व्हयनी."

मी कोपऱ्यातून सगळं पाहत होतो आणि मीही हात जोडले होते.

त्यानंतर अक्काचं नाव गल्लीत मोठं झालं. पण भूषणच्या कानावर दुसऱ्याच गोष्टी जायला लागल्या. श्रावणातल्या एका सोमवारी तिने गॅस तसाच चालू ठेवला आणि दूध जळून पातेलं काळं झालं. एका चतुर्थीला ती भाजी घ्यायला गेली आणि घराचा रस्ताच सुचेना, म्हणून कुणाच्या तरी ओट्यावर बसून राहिली. फोनवर तिने भूषणला "अहो" म्हटलं. भूषणला ते फार लागलं. पुण्यात तो आणि त्याची बायको पूनम राहतात त्या सोसायटीत एका म्हाताऱ्याला विसरण्याचा आजार होता, रोज लिफ्टमध्ये अडकायचा. भूषणला आपली आई त्या लिफ्टमध्ये दिसायला लागली.

मग भादव्यातली एकादशी आली. दुपारी बेबाबाई अक्काकडे वाती वळायला आली होती. बोलता बोलता अक्का गप्प झाली, थरथरायला लागली, घाम सुटला. बेबाबाईने वाती खाली ठेवल्या आणि साष्टांग घातला. नैवेद्य काही नव्हता म्हणून तिने तांब्याभर पाणी समोर ठेवलं आणि हात जोडून बसली. अक्का उठायला गेली आणि उंबऱ्यावर कपाळ आपटलं. रक्त पाहून बेबाबाईने गल्लीत धाव घेतली. समोरच्या ओट्यावर झुलालनाना, म्हणजे अक्काचे चुलत दीर, चहा पीत बसले होते. ते हातातल्या कपासह धावत आले. अक्का शुद्धीवर होती पण भलतंच बोलत होती. नानांनी दुसरं काही सुचेना म्हणून आपला उष्टा चहा तिला घोटघोट पाजला. नानांच्या चहात साखर इतकी असते की चमचा उभा राहावा. तेवढ्या चहाने अक्का माणसात आली.

दुसऱ्याच दिवशी भूषण आला, मीही गेलो. कपाळाला टाके, डोळा सुजलेला, आणि अक्का चुलीजवळ बसून आमच्यासाठी शेवेची भाजी करत होती.

"आई, आता पुरे," भूषण म्हणाला. "मी तिकीट काढलंय. दिवाळीच्या आत तू पुण्याला येतेस. पूनमने तुझी खोली लावलीये. घराला कुलूप लावू, किल्ली झुलालनानांकडे देऊ."

"आनी कानबाई?"

"ती नाना बसवतील त्यांच्याकडे."

अक्का शेवेच्या रश्शात पळी फिरवत राहिली. मला तिचं ते गप्प बसणं आवडलं नाही. लहानपणापासून ती गप्प बसली की पुढे काहीतरी होतं.

संध्याकाळी भूषण बाहेर गेला तेव्हा तिने मला जवळ बोलावलं.

"वना, माले एक सांग. कानबाई एकादशीले कसाले येस?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"ती तं श्रावणमा येस. रविवारले येस. इतला वर्स व्हयनात, वार चुकनी नही. मंग भादवामा, एकादशीले, दुपारले ती मनाकडे कसाले येई?"

कानबाई आपला वार सोडून भलत्या दिवशी का येईल, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

"आनी दख, येस तवय तिले भूकच लागेल ऱ्हास. बठ्ठा गावले जेवू घालनारी ती. तिले मनाच घर येवावर भूक कशी लागस? खीर खादी का गयी. झुलालभाऊना चहा पिधा का गयी. हाई देवी नही रे वना. हाई दुसरंच काही शे."

मग तिने बोटांवर मोजून दाखवलं. गॅस राहिला तो श्रावणी सोमवार होता. रस्ता चुकली ती चतुर्थी होती. भूषणला 'अहो' म्हटलं तोही उपासाचा दिवस. जेवलेल्या दिवशी ती कधीच रस्ता चुकली नव्हती.

"चाल," ती म्हणाली, "डॉक्टरकडे. भूषणले बी लई जाऊ. त्यानासमोरच इचारू."

डॉक्टर तिचे नेहमीचेच होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अक्का, एवढ्या वर्षांत मी तुम्हाला उपासाचं विचारलं नाही, हे माझंच चुकलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. मेंदूचं खाणं म्हणजे साखर. गोळी साखर खाली आणते, पण पोटात अन्न गेलंय की नाही ते तिला कळत नाही. पोट रिकामं असेल तर साखर इतकी उतरते की मेंदूलाच खायला मिळत नाही. मग थरथर, घाम, भलतं बोलणं, ओळख न पटणं. म्हातारपणी कधी कधी थरथर होतही नाही, नुसता गोंधळ उडतो आणि घरच्यांना वाटतं माणूस भ्रमिष्ट झालं. असं वारंवार झालं तर मेंदूला खरंच इजा होते. उलट साखर सतत चढलेली राहिली तर मेंदूच्या बारीक नसा खराब होतात, आणि विसरभोळेपणा त्या वाटेनेही येतो. म्हणून या वयात साखर फार खालीही नको आणि फार वरही नको.

"बैलगाडी चाकोरीतून चालते ना, तशी साखर मधोमध चालू द्यायची," डॉक्टर म्हणाले. त्यांनी जुनी गोळी बंद करून दुसरी दिली. उपास करायचा असेल तर आधी येऊन विचारायचं आणि गोळ्यांचं आपल्या मनाने काही करायचं नाही, असं बजावलं.

भूषणने विचारलं, "पण डॉक्टर, स्मरणशक्ती?"

डॉक्टरांनी अक्काला काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं, वजाबाक्या विचारल्या. एक शब्द तिला आठवला नाही. दोनदा तिने प्रश्नच चुकीचा ऐकला, तेव्हा कान तपासायला पाठवलं, आणि डावा कान कमी झालेला निघाला. बाकी वयाच्या मानाने बरं होतं. डॉक्टर म्हणाले, "आत्ता हिला आजार आहे असं मी म्हणणार नाही. पण जपायला हवं. चालणं, झोप, रक्तदाब, कान, डोळे, चार माणसांत बसणं. आणि डोक्याला नवीन काहीतरी शिकायला लावायचं. येणारी गाणी म्हणणं चांगलंच, पण नवं शिकणं वेगळं."

बाहेर आल्यावर अक्का रिक्षात बसण्याआधी थांबली. "भूषण, माले कानबाईलोंग येळ दे. येता श्रावण. त्याना पयले एक डाव जरी मी रस्ता चुकनी, गॅस ईसरनी, का पडनी, तं मी सोताच पुणाले येसू. रडाव नही. आनी नही चुकनी तं कुलूप तुना घर लई जा."

भूषणने माझ्याकडे पाहिलं. मी कुणाच्या मध्ये बोलणारा माणूस नाही, पण त्या दिवशी म्हणालो, "दे वेळ."

त्याने तिकीट रद्द केलं. पण जाताना एक मोठी रिकामी बॅग पलंगाखाली ठेवून गेला. "कपडे भरायला लागतील तेव्हा असू दे," म्हणाला. ती बॅग वर्षभर तिथेच होती. अक्का झाडू मारताना ती बाहेर ओढायची, खालचं झाडायची, पुन्हा आत सरकवायची.

मग अक्काने आपलं घर नव्याने लावलं. सगळ्यात पहिल्यांदा तिने गोळ्या देव्हाऱ्यातून काढल्या. इतकी वर्षं त्या देवाजवळ होत्या, म्हणून सूर्य उगवला की गोळी. आता तिने त्या भाकरीच्या टोपल्यात, फडक्याखाली ठेवल्या. भाकर काढायला हात गेला तरच गोळी हाती लागणार. हे तिला कुणी शिकवलं नाही. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते दुसऱ्या म्हाताऱ्यांना सांगायची परवानगी मागितली.

मग तिने बेबाबाईला समोर बसवलं. "दख बेबा, पुढे मना अंगमा कोनी बी उनं, तं पाया मांगून पड. पयले साखर दे. पानीमा घोळीसन दे. आनी मी डोया मिटेल ऱ्हायनी, बोलत नसनी, तं तोंडमा काहीच घालू नको, एकशेआठले फोन लाव."

बेबाबाईला वाईट वाटलं. "मंग तवयची देवी खोटी का वं अक्का?"

"देवी खोटी नही. आपीन खोटा पडनूत. ती बिचारी सांगी ऱ्हायनी व्हती, भूक लागनी म्हनीसन. आपीन तिले पावसानं इचारी ऱ्हायनूत."

बेबाबाई इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण गल्लीत दोन-चार बाया रागावल्या. देवीचा अपमान झाला म्हणून त्यांनी अक्काकडे हळदीकुंकवाला येणं बंद केलं. अक्काने त्यावर काही उपाय केला नाही. "भूक लागनी का येतीन," एवढंच म्हणाली.

चालणं तिने बोरी नदीच्या काठाने सुरू केलं. अनवाणी चालायची सवय मोडून बूट घातले. जीवरामदाजींच्या पायाची आठवण असल्यामुळे रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे पाहते. कानातलं यंत्र मात्र तिने फडताळात ठेवून दिलं होतं. ते बाहेर निघालं त्याला वेगळंच कारण झालं.

डॉक्टरांनी नवीन शिकायला सांगितलं होतं. भूषणने मोबाइलवर कोडी टाकून दिली. अक्काने दोन दिवस बोट फिरवलं आणि म्हणाली, "हाऊ माले हरावस पन बोलत नही. बोलत नही त्यानासंगे काय खेळनं?"

झुलालनानांच्या ओट्यावर रोज दुपारी मेंढीकोट चालतो. चार म्हातारे, दोन जोड्या. मेंढी म्हणजे दहा नंबरचं पान. चारही मेंढ्या गोळा करणाऱ्याचा कोट, म्हणजे सगळ्यात मोठी जीत. सगळा खेळ लक्षात ठेवण्याचा आहे. कुठली मेंढी गेली, कुठली राहिली, हुकूम कुणाकडे. एक म्हातारा मुलीकडे सुरतला गेला होता आणि जागा रिकामी होती. अक्का आपला पाट घेऊन रस्ता ओलांडून गेली.

झुलालनाना म्हणाले, "वहिनी, हाऊ बायास्ना खेळ नही."

"बायास्ना नही तं काय बैलस्ना शे? वाटा."

पहिले कित्येक दिवस ती हरली. तिच्यामुळे जोडीदार नवलआप्पाही हरले. एकदा मी तिथेच होतो. नाना मोठ्याने म्हणाले, "वहिनी, आधी साखर तपासा! बदामनी मेंढी फुकट दी टाकी तुमीन!"

अक्काला ते अर्धंच ऐकू आलं. बाकीचे हसले. ती उठली, घरी गेली, कानात यंत्र घालून परत आली आणि म्हणाली, "आते बोला."

हिवाळ्यात भरताची वांगी आली तोवर ती नानांना भारी पडायला लागली होती. एका दुपारी नानांनी इस्पिकची मेंढी खाली टाकली तसा तिने त्यांचा हात धरला. "झुलालभाऊ, ती मांगेच गयी. नवलआप्पानी उचली लेयेल शे. मंग ती तुमना मांडीखालतून कशी निंघनी?"

नवलआप्पांनी आपली जिंकलेली पानं उलटून पाहिली. इस्पिकची मेंढी गायब होती. नाना इतके लाजले की त्यांनी सगळ्यांना चहा पाजला, आणि तोही बिनसाखरेचा.

भूषणचा रोज व्हिडिओ कॉल यायचा. "आई, काय खाल्लं?"

"कळणानी भाकर, मेथी, वरण. तुन्हं सांग."

"माझं… मीटिंग होती. बिस्किटं."

"मंग तूच ई ऱ्हाय मनाकडे. तुनी खोली लाई ठेवस."

वर्षात ती एकदा घाबरली होती, हे सांगायला हवं. होळीच्या सुमारास देवळात गेली आणि परत निघताना आपल्या बुटांऐवजी दुसऱ्या कुणाचे बूट घालून आली. घरी आल्यावर लक्षात आलं. लगेच मला फोन केला. मी विचारलं, "साखर पाहिली?" पाहिली होती, ठीक होती. "जेवली?" जेवली होती. तेव्हा मी म्हणालो, "अक्का, मी मागच्या महिन्यात लग्नातून दोन्ही डाव्या चपला घालून आलो." त्यावर तिने विचारलं, "भूषणले सांगू का?" मी म्हणालो, तुझी मर्जी. तिने त्याच संध्याकाळी स्वतः सांगितलं. लपवून जिंकायचं नाही, असं तिचं म्हणणं. भूषण फक्त "बरं" म्हणाला. त्या 'बरं'चा अर्थ आम्हा दोघांना लागला नाही.

आणि श्रावण आला. कानबाईच्या रविवारी भूषण आणि पूनम आले. भूषणने येताच पलंगाखाली पाहिलं. बॅग होती.

अक्का आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून आली होती. भर दुपारी, घर उपाशी बायांनी भरलेलं असताना, तिने ताट वाढून घेतलं. भाकर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, वाटीभर वरण. भाकरीबरोबर गोळी. आणि सगळ्यांसमोर ओसरीवर बसून जेवली. ज्या बायांनी येणं सोडलं होतं त्याही आल्या होत्या. त्यांतली एक हळूच म्हणाली, "आज कानबाईना दिन अक्का, आनी तू…"

"मी तिले इचारं," अक्का घास गिळून म्हणाली. "ती बोलनी, तू खाय. मनं गानं चुकू नको."

दिवे लागले. गाणी सुरू झाली. मी नेहमीच्या कोपऱ्यात होतो, भूषण दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. दागिन्यांचं गाणं आलं. अक्काचा आवाज मोकळा होता. बिंदी झाली, कानातले झाले, नथ झाली. बाया मागे म्हणत होत्या.

आणि नथीनंतर अक्का थांबली.

ओळ आलीच नाही. बायांनी मागची ओळ पुन्हा म्हटली, तिला वेळ मिळावा म्हणून. तरी नाही. मी तिचे हात पाहिले. बेबाबाईने साखरेच्या डब्याकडे झेप घेतली. भूषण चौकटीपासून सुटला आणि दोन पावलं आत आला. त्याचा चेहरा पाहून मला कळलं की त्याच्या मनात ती लिफ्ट आली आहे.

अक्काने हात वर केला. "थांबा बठ्ठा. भूषण, ते मशीन आन."

त्याने साखर मोजायचं यंत्र आणलं. कानबाईसमोर, समईच्या उजेडात, तिने स्वतः बोटाला टोचलं. आकडा आला तो भूषणने मोठ्याने वाचला. साखर व्यवस्थित होती. हात थरथरत नव्हते, कपाळ कोरडं होतं.

"दख," अक्का त्याला म्हणाली, "साखर ठीक शे. मी जेवेल शे. तू कोन, मी कोन, आज कोनता वार, बठ्ठं माले माहीत शे. मी एक ओळ ईसरनी. इतलंच. शहात्तर वर्सनी बाई एक ओळ ईसरी नही का?"

मग मागच्या रांगेतून, जिने "आज कानबाईना दिन" म्हटलं होतं त्या बाईनेच सांगितलं, "गळानी ठुशी, अक्का. नथनामांगे ठुशी शे."

"हां! ठुशी!" अक्का म्हणाली, आणि तिथूनच उचललं. ठुशीपासून पैंजणांपर्यंत कुठेही अडली नाही. देवी पूर्ण सजली. त्या बाईला तिने आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि पुढची गाणी दोघींनी मिळून सांगितली. ते मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं ते गाणं एकट्या अक्काच्या डोक्यात होतं, आणि ऐकून ऐकून ते दुसऱ्या कुणाच्या डोक्यातही उतरलं होतं हे कुणाला माहीतच नव्हतं.

भूषण परत चौकटीशी गेला नाही. तिथेच खाली मांडी घालून बसला.

सोमवारी बोरीवर बोळवण झाली. परत आल्यावर भूषणने पलंगाखालची बॅग बाहेर ओढली आणि पुसली. अक्का भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. पूनमने नवऱ्याकडे पाहिलं.

भूषण बॅग घेऊन चुलीजवळ आला, तिची चेन उघडली आणि म्हणाला, "माय, कळणानं पीठ दे ना थोडं. पुणामा भेटत नही."

खूप वर्षांनी मी त्याला घरच्या बोलीत बोलताना ऐकलं. अक्काने ज्वारी-उडदाचं ते पीठ दिलं, ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या दिल्या, कुरडया दिल्या, मिरचीचा ठेचा दिला, वर केळ्यांची फणी ठेवली. बॅग इतकी जड झाली की दोघांना मिळून उचलावी लागली. निघताना भूषण डॉक्टरांकडे जाऊन आला आणि आपली स्वतःचीही साखर तपासून घेतली. ती काठावर निघाली. आता अक्का त्याला दोन्ही वेळा फोन करते, काय खाल्लं विचारायला.

त्यांची रिक्षा वळली तसा समोरच्या ओट्यावरून झुलालनानांचा आवाज आला, "वहिनी, वाटू का?"

"थांबा," अक्का म्हणाली आणि टोपल्यावरचं फडकं बाजूला केलं. "पयले भाकर. वना, तू बी बस. तुनी गोळी आनी का?"

मी खिशातून गोळी काढून ताटाशेजारी ठेवली.